२,८१५ तुकड्यांची वाकळ : 'राजा' जहाजावरच्या १८० जणी

सुईदोरा (धागाकर्ती)

होबार्टला लेकीकडे येऊन अडीच महिने झाले. टास्मानियाचं हे बंदर. संध्याकाळी धक्क्यावर फिरायला जाते, तिथे ब्रॉन्झचे पुतळे आहेत. काटकुळ्या बायका आणि एक मूल. २०१७ साली बसवलेले. पहिल्या दिवशी मला वाटलं, दुष्काळाचं काही स्मारक असेल. लेक म्हणाली, "आई, ह्या इथे काळ्या पाण्यावर आणलेल्या बायका."

काळं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंदमान येतं आणि बेड्या घातलेले पुरुष येतात. बाई येत नाही. १७८८ ते १८६८ ह्या ऐंशी वर्षांत इंग्रज सरकारने सुमारे १,६२,००० माणसं ऑस्ट्रेलियात हद्दपार केली. त्यांत बायका पंचवीस हजारांच्या आसपास, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या ह्या एका बेटावर उतरल्या. तेव्हा बेटाचं नाव व्हॅन डीमन्स लँड होतं. टास्मानिया हे नाव १८५६ मधलं.

बहुतेकींचा गुन्हा चोरीचा. मालकिणीचे कपडे, दुकानातलं कापड, थोडे पैसे. शिक्षा सात वर्षं, दहा, चौदा, नाहीतर जन्मठेप. सात वर्षं ऐकायला कमी वाटतात. पण सरकार आणून सोडायचं, परत न्यायचं नाही. सुटलेला पुरुष एखाद्या जहाजावर खलाशी म्हणून राबत मायदेशी जाऊ शके. बाईला तीही वाट नव्हती. मागे पोरं राहिली असतील तर ती राहिलीच.

हे सगळं आता पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. मला लिहायचंय ते एका जहाजाबद्दल, खरं तर त्या जहाजावर शिवलेल्या एका वाकळेबद्दल. (आमच्याकडे साताऱ्यात गोधडीला वाकळ म्हणतात, मी तेच म्हणणार.)

जहाजाचं नाव 'राजा'. ५ एप्रिल १८४१ ला लंडनजवळच्या वूलिचहून ते १८० कैदी बायका घेऊन निघालं आणि १९ जुलैला होबार्टला लागलं. एकशेपाच दिवस. साडेतीनशे टनांचं गलबत म्हणजे आजच्या मानाने होडकंच. त्यात ह्या बायका, काहींची लहान मुलं, खलाशी आणि पैसे भरून आलेले थोडे प्रवासी.

त्याच्या बऱ्याच आधी, १८१३ मध्ये, एलिझाबेथ फ्राय नावाच्या क्वेकर पंथाच्या बाई लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेल्या आणि तिथल्या बायकांची अवस्था बघून हादरल्या. त्यांनी मंडळ काढलं. कैदी बायकांना गावातून उघड्या गाडीत, लोकांच्या शिव्या आणि चिखल अंगावर घेत बंदरावर नेत असत, ते थांबवून बंद गाड्या करायला लावल्या. जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकीला मंडळाकडून एक पिशवी मिळायची. तिच्यात किलोभर कापडाचे तुकडे, शंभर सुया, पांढऱ्या दोऱ्याचे चार गुंडे, रंगीत दोऱ्याच्या चोवीस लडी, अंगुस्तान, कात्री आणि बायबल. शिवून काय करायचं ते तुमचं तुम्ही, विकून चार पैसे करा. अशा पिशव्या कितीतरी जहाजांवर दिल्या गेल्या. पण समुद्रावर शिवलेली, आपल्यापर्यंत पोचलेली अशी वाकळ एकच, 'राजा'ची.

सव्वातीन मीटरपेक्षा थोडी मोठी, जवळजवळ चौरस. २,८१५ तुकडे. मध्ये पांढऱ्या कापडावर छिटाच्या कपड्यातून कापून लावलेले पक्षी आणि फुलं. (इंग्रजीतला 'चिंट्झ' हा शब्द आपल्या छिटावरूनच गेलाय.) मधल्या चौकोनाभोवती तुकडे जोडलेल्या बारा पट्ट्या, एकीबाहेर एक. शेवटी पांढरा काठ, तीन बाजूंना डेझीची फुलं, आणि चौथ्या बाजूला बारीक रेशमी दोऱ्याने फुलीच्या टाक्यात अक्षरं भरलेली.

ती अक्षरं मी आठवडाभर मनात घोळवतेय. फ्राय बाईंच्या मंडळातल्या कैदी-जहाज समितीच्या स्त्रियांना उद्देशून मजकूर आहे. अर्थ असा : इंग्लंडमध्ये आणि प्रवासात तुम्ही आमच्यासाठी जे श्रम घेतले त्यांची कृतज्ञ आठवण म्हणून, आणि उद्योगी राहा ही तुमची शिकवण आम्ही विसरलो नाही ह्याचा पुरावा म्हणून, ही वाकळ अर्पण. जून १८४१.

'पुरावा' हा शब्द मला टोचतो. न्यायालयात ज्यांच्याविरुद्ध पुरावा झाला, त्यांनी आता आपण सुधारलोय ह्याचा पुरावा द्यायचा. आणि हे वाक्य कैदिणींचं नसणार अशी माझी जवळजवळ खात्री आहे. जहाजावर देखरेखीला कीझिया हेटर नावाची तेवीस वर्षांची तरुणी होती. लंडनच्या मिलबँक तुरुंगात काम केलेली, शिकलेली. वाक्य तिच्या वळणाचं आहे. टाके मात्र ह्या बायकांचे.

गव्हर्नर जॉन फ्रँकलिनच्या पत्नी लेडी जेन ह्यांच्या हाती ती होबार्टमध्ये पडली. पुढे ती दिसेनाशी झाली ती थेट १९८७ साली स्कॉटलंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली. १९८९ पासून कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत आहे. कापड नाजूक झालंय, म्हणून क्वचितच बाहेर काढतात.

कुठेही वाचा, 'राजा'ची हकिगत कीझिया आणि कप्तान चार्ल्स फर्ग्युसन ह्यांच्या प्रेमावर येऊन थांबते. प्रवासात जुळलं, १८४३ मध्ये होबार्टला लग्न केलं. असू दे, चांगलंच झालं. पण १८० जणी सोडून दोघांची गोष्ट का सांगायची? मला त्या बायकांबद्दल बोलायचंय. ज्यांना माहिती असेल त्यांनी भर घाला.

---

सोलापुरी_चादर

ताई, फोटो मोठा करून पाहिला. पहिलं म्हणजे ही वाकळ नव्हे! वाकळीत थर हवेत, आत जुनेर हवं, आणि सगळ्यांतून आरपार जाणारा धावदोरा हवा. ह्यात आत काहीच भरलेलं दिसत नाही.

---

सुईदोरा

बरोबर पकडलंत. आत थर नाही, अस्तरही नाही. जाणकार तिला पलंगपोसच म्हणतात. मी वाकळ म्हणते ती तुकड्यांमुळे. आमच्या आजीच्या वाकळेत कुणाचं लुगडं कुठलं हे ती बोट ठेवून सांगायची. इथे तुकडे दानाचे. एकाही चिंधीला ह्या बायकांच्या घराचा वास नाही. हा फरक मला आधी सुचलाच नव्हता, तुमच्यामुळे सुचला.

---

खडा_सवाल

लेख छान, पण एक विचारतो. चोरी केली, शिक्षा झाली. ज्यांच्या घरी चोरी झाली तेही गरीबच असतील. आज आपण सगळ्याच कैद्यांना बिचारे ठरवतो. ह्या बायकांना तर तुरुंगात सडवण्याऐवजी नव्या देशात संधी मिळाली. वीस डॉलरच्या नोटेवर अशीच एक कैदी बाई आहे ना?

---

पॅरामॅटाकर

आहे. मेरी रायबी. मूळची लँकशरची. तेरा-चौदा वर्षांची असताना मुलाचा वेश करून, मुलाचं नाव सांगून हिंडत होती आणि घोडा चोरल्याबद्दल पकडली गेली. सात वर्षांची हद्दपारी. १७९२ मध्ये सिडनीला आली, दोन वर्षांनी लग्न केलं, १८११ मध्ये विधवा झाली. पदरात सात मुलं. नवऱ्याचा जहाजांचा आणि मालाचा धंदा तिने एकटीने वाढवला. कर्तबगारी निर्विवाद आहे. पण नोटेवर जी चढली तिच्यावरून पंचवीस हजारांना 'संधी' मिळाली म्हणणं म्हणजे एका धीरूभाईंवरून गिरणी कामगारांचा इतिहास सांगणं झालं.

मी राहतो तिथून जवळच, सिडनीतल्या पॅरामॅटाची फीमेल फॅक्टरी आहे. इमारत १८२१ ची, आराखडा फ्रान्सिस ग्रीनवेचा, जो स्वतः कैदी म्हणून आलेला वास्तुविशारद. बायकांना जहाजावरून उतरवून इथे ठेवायचे. सूत कातणं, कापड विणणं, धुणं. वसाहतीतल्या लोकांना मोलकरीण हवी असेल तर इथून न्यायची, आणि लग्नाला बायको हवी असेल तरी इथेच अर्ज करायचा.

ऑक्टोबर १८२७ मध्ये इथल्या बायकांनी जे केलं ते शाळेत शिकवायला हवं. पाव आणि साखर कमी केली म्हणून त्या फाटक फोडून बाहेर पडल्या, गावात शिरल्या, दुकानांतून पाव आणि मांस उचललं. सैन्य बोलवावं लागलं. परत येताना झग्याच्या ओच्यात पाव भरून आणले. कोणाला तरी शिक्षा करायची तर कोणाला करणार? सगळ्याच सामील.

---

सुईदोरा

पॅरामॅटाकर, ओच्यातले पाव! हे मला माहीत नव्हतं. मनापासून आभार.

खडा_सवाल, तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. चोरी झाली होती आणि ज्याची झाली त्याचं नुकसानही झालं होतं. मी त्यांना निर्दोष म्हणत नाहीये. पण इथे उतरल्यावर काय व्हायचं ते वाचा आणि मग संधी हा शब्द वापरायचा का ते ठरवा.

जहाज लागलं की कारकून यायचा. प्रत्येकीची उंची, केसांचा रंग, डोळे, नाक, हनुवटी, अंगावरचे व्रण, गोंदण, सगळं वहीत. गुन्हा काय, आधी किती वेळा पकडलं, काम काय येतं. मग ती घरकामाला दिली जायची. कपडे आणि जेवण मिळे, मजुरी नाही. मालकिणीला उलट बोलली, शिक्षा. रात्री घराबाहेर सापडली, शिक्षा. प्यायली, शिक्षा. आणि दिवस गेले, तरी शिक्षा. दिवस कोणामुळे गेले, मालकामुळे की मालकाच्या मुलामुळे, हा प्रश्न त्या वहीत नाही. तिला फॅक्टरीत परत पाठवायचं, बाळंतपण व्हायचं, आणि बाळ अंगावरून सुटलं की सहा महिने 'गुन्हा वर्गात', म्हणजे शिक्षा भोगणाऱ्या बायकांच्या वर्गात, काढायचे.

होबार्टची कॅस्केड्स फॅक्टरी मी दोनदा पाहून आले. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, दरीच्या तळाशी. मूळची दारूची भट्टी, १८२८ मध्ये बायकांचा तुरुंग केला. दुपारी तीनलाच तिथे सावली उतरते आणि अंगात गारठा भरतो. मी जाड कोट घालून गेले होते. भिंती उरल्यात, आतलं बहुतेक गेलंय, नुसती मोकळी अंगणं आहेत. गुन्हा वर्गातल्या बायकांच्या कपड्यांवर पिवळा 'सी' शिवायचे. एक जाकिटाच्या पाठीवर, एक उजव्या बाहीवर, एक परकराच्या मागच्या बाजूला. काहींचे केस कापायचे. दिवसभर धुणं, नाहीतर डांबर लागलेले जुने दोरखंड बोटांनी पिंजून तंतू सुटे करायचे.

आणि मुलं. अंगावर पिणारी बाळं आईजवळ राहत. ती अंगावरून तुटली की आई कामाला किंवा शिक्षेला, बाळ पाळणाघरात, आणि दोन-तीन वर्षांचं झालं की न्यू टाउनच्या क्वीन्स ऑर्फन स्कूलमध्ये. अनाथालय! आई जिवंत, तीन-चार मैलांवर, आणि मूल अनाथ. त्या पाळणाघरांत इतकी बाळं दगावली की त्या काळच्या होबार्टच्या वर्तमानपत्रांनीसुद्धा ओरड केली. मी त्या अंगणात उभी राहिले तेव्हा एक शाळकरी मुलगी बाईंना विचारत होती, "पण आई शेजारीच होती ना?" बाईंनी तिला जवळ घेतलं फक्त.

---

दर्यावर्दी

मी पंचवीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली. साडेतीनशे टनांच्या शिडाच्या जहाजावर दक्षिण महासागरात जून-जुलै म्हणजे काय असतं ते सांगतो. तिथला तो ऐन हिवाळा. पश्चिमेचे वारे, डोंगराएवढ्या लाटा. झडपा बंद केल्या की खालच्या मजल्यावर उजेड नाही, हवा नाही. शिवण करायची तर डेकवर किंवा झडपेखालच्या उजेडात, आणि जहाज सारखं डोलतंय. वाकळेवर तारीख जून १८४१ आहे म्हणजे अखेरचे टाके ह्या थंडीत पडलेत. गारठलेल्या बोटांनी रेशमी दोरा ओवून बघा एकदा.

आणखी एक. 'राजा' पोचलं. 'अँफिट्राइट' पोचलं नाही. ऑगस्ट १८३३ मध्ये तेही वूलिचहूनच निघालं, शंभराहून अधिक कैदी बायका आणि बारा मुलं घेऊन. काही दिवसांतच वादळात फ्रान्सच्या बुलोन किनाऱ्याजवळ रुतलं. किनारा डोळ्यांना दिसत होता. फ्रेंच कोळी मदतीला आले, पिएर एनां नावाचा एकजण तर पोहत जहाजापर्यंत गेला. कप्तानाने मदत नाकारली, कारण कैद्यांना उतरवायचा अधिकार त्याला नव्हता. भरतीच्या पाण्यात जहाज फुटलं. तीन खलाशी वाचले. बाई एकही नाही, मूल एकही नाही. माझ्या पेशातल्या माणसाचं हे कृत्य आहे आणि ते वाचून मला आजही झोप लागत नाही.

---

सुईदोरा

दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवत होते. बारा मुलांशी आले आणि पुढे वाचवेना.

---

बोरूची_वही

दोरखंड पिंजण्यावरून आठवलं. पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर तुरुंगात कैद्यांना नारळाची सोडणं कुटून काथ्या काढायला लावत. तिथे नारळ म्हणून काथ्या, इथे गलबतं म्हणून दोरखंड. बोटं सोलवटून काढणारं काम शोधण्याची पद्धत एकच. अंदमानच्या वसाहतीतही स्त्रिया पाठवल्या जात, पण त्यांच्याबद्दल आपण मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. ह्या धाग्यामुळे ते पहिल्यांदा जाणवलं.

फ्राय बाईंबद्दल मात्र मी धागाकर्तीपेक्षा थोडा वेगळा विचार करतो. तो मजकूर उपदेशाचा आहे हे खरं. पण बंद गाडी, सुई, दोरा आणि कात्री ह्या गोष्टी खऱ्या होत्या. कैद्याच्या हातात कात्री द्यायला विश्वास लागतो.

---

सुईदोरा

कात्रीचा मुद्दा लाखमोलाचा. मान्य. त्या बाईंचे उपकार मी नाकारत नाही. उपकाराची पावती ज्यांच्याकडून शिवून घेतली त्यांचं स्वतःचं म्हणणं काय होतं, एवढंच मी शोधतेय.

---

पाणवठा

मी लाँसेस्टनला नर्स आहे, बारा वर्षं टास्मानियात. ह्या धाग्यात एक गोष्ट आली नाही ती लिहिते. ज्या जमिनीवर ह्या बायका उतरल्या ती रिकामी नव्हती. इथले मूळ रहिवासी, पलावा, १८३० च्या दशकात फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवले गेले. तिथे त्यांचे हाल हाल झाले. १८४७ मध्ये उरलेल्या ४७ जणांना होबार्टच्या दक्षिणेला ऑयस्टर कोव्हला आणलं. ती जागा कोणती? कैद्यांसाठीचं सोडून दिलेलं ठाणं. ज्या ओलसर इमारती कैद्यांनाही नकोत त्या ह्यांना दिल्या.

आज त्यांचे वंशज इथेच आहेत, माझ्या वॉर्डात येतात. कैदी बायकांचेही वंशज येतात. पूर्वी घरात कैदी पूर्वज असणं लपवत. आता म्हाताऱ्या बायका ऑपरेशनच्या आदल्या रात्री मला अभिमानाने आपल्या पणजीच्या जहाजाचं नाव सांगतात. आधी जहाज, मग नाव.

---

सुईदोरा

पाणवठा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मूळ लेखातच यायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं.

जहाजाचं नाव आधी येतं ह्याचं कारण त्या वह्यांतच आहे. कैदी ओळखायचा तो नाव आणि जहाज अशा जोडीने. एकाच नावाच्या मेरी आणि एलिझाबेथ शेकड्यांनी होत्या. आपण नाव-गाव विचारतो तसं इथे नाव-जहाज. ह्या सगळ्या वह्या जपलेल्या आहेत, युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात घेतल्या, आणि घरबसल्या बघता येतात. 'राजा'च्या वह्यांची पानं मी तीन रात्री चाळली. प्रत्येक पानावर शिक्षांची यादी, तारखेसकट. उद्धटपणा, गैरहजर, दारू, पुन्हा गैरहजर. एका बाईचं तीस-तीस वर्षांचं आयुष्य म्हणजे तिने केव्हा ऐकलं नाही त्याची नोंद. ज्या दिवशी तिने नीट काम केलं, लेकराला निजवलं, मैत्रिणीचे केस विंचरले, त्या दिवसाला पानावर जागाच नाही.

---

खडा_सवाल

ताई, 'संधी' हा शब्द मी मागे घेतो. बाळाचं वाचून गप्प झालो. बाकी माझं म्हणणं कायम, पण तो शब्द चुकीचा होता.

---

सोलापुरी_चादर

सुईदोरा ताई, कॅनबेराला गेलात तर माझं एक काम करा. शक्य असेल तर तिची उलटी बाजू बघायला मागा. सुलट बाजू घेणाऱ्यासाठी असते. गाठ कुठे मारली, दोरा संपला तेव्हा काय केलं, घाई कुठे झाली, उसवून परत कुठे घातलं, हे सगळं उलट्या बाजूला असतं. अस्तर नाही म्हणताय, म्हणजे सगळं उघडंच असणार.

---

सुईदोरा

विचारीन, नक्की.

काल आईला व्हिडिओ कॉल लावला होता. ती सत्त्याऐंशीची, दिसतं कमी, पण वाकळी आयुष्यभर शिवल्या. लेकीने वाकळेचा फोटो तिच्या टॅबवर पाठवला. ना जहाज सांगितलं, ना कैद, ना काही. नुसतं म्हटलं, आजी, शिवण कशी आहे बघ. तिने भिंग काढलं. बाहेरच्या पट्ट्यांवरून सावकाश बोट फिरवत गेली. एका जागी थांबली, परत मागे आली.

"हितं हात बदललाय," म्हणाली. "हितपतोर एकीनं शिवलंय, बारीक, सारखं. हितनं फुडं दुसरी बसली. तिला येत नव्हतं." थोडं थांबून म्हणाली, "पण हे बघ, कोपऱ्यापतोर जाईस्तोर तिचंबी टाकं बारीक झालं. शेजारी बसून कुणीतरी शिकवलं आसंल."